गौरीला येणारच

पनवेल,
३ जुलै २०२५

ती. आईंना रोशनीचा नमस्कार.

सुनेचं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. पण फोन शैलेश भावोजींकडे असतो. ते स्पीकर लावून ओट्यावर ठेवतात आणि तुम्ही "बरं आहे, बरं आहे" एवढंच बोलून फोन परत देता. मला तुमच्याशी एकटीशी बोलायचं आहे, आणि पोस्टमन पत्र तुमच्याच हातात देतो हे मला ठाऊक आहे.

परवा भावोजींचा फोन आला. म्हणाले, वहिनी, यंदा गणपतीला येऊ नका. ट्रॅव्हल्सवाल्यांनी भाडं तिप्पट केलंय, रेल्वे तुम्हाला मिळायची नाही, तुमचं आणि प्रांजलचं जाणं-येणं म्हणजे तुमचा महिन्याचा पगार गेला. त्यापेक्षा आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल करू. बोलणं अगदी गोड होतं. मे महिन्याच्या सुट्टीतही ते असंच गोड बोलले होते आणि मी ऐकलं होतं.

भाड्याचं त्यांनी खोटं सांगितलं नाही. रेल्वेचं आरक्षण उघडलं त्या सकाळी प्रांजल मोबाइल घेऊन बसली होती. आमची दोन नावं भरून होईपर्यंत गाडी भरली. मग दुकानातून सुटल्यावर मी स्टँडसमोर ट्रॅव्हल्सवाले टेबल टाकून बसतात तिथे गेले. एकाने भाव सांगितला. मी म्हटलं, एवढ्यात माणूस विमानाने जातो. तो म्हणाला, मग जा ना, गुहागरला विमानतळ झाला की. बाजूचे हसले. मीही हसले, पण लाईन आळीत घरी चालत येताना ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

ह्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील. कळंबोलीला ट्रकवर होते तेव्हा कितीही माल अडकलेला असो, गणपतीला घरी पोचले नाहीत असं एक वर्ष गेलं नाही. एकदा तर सिमेंटच्या गाडीत बसून आले होते, आठवतं का? तुम्ही त्यांना आधी विहिरीवर पाठवलं होतं.

म्हणून विचारते. येऊ नका हे भावोजींचं म्हणणं आहे की तुमचंही? तेवढं लिहा. कसं यायचं ते माझं मी बघते. कापड गल्लीत दिवसभर दुसऱ्यांचे सणाचे ब्लाउज शिवायचे आणि आपल्या सणाला घरात बसायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

तुमची,
रोशनी

---

कोंडशेत, ता. गुहागर
१४ जुलै २०२५

चि. रोशनीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर चांगलं हाय. माझं चौथीपर्यंतचं, समजून घे.

यंदा येऊ नको. शैलेश बोलला तेच माझं म्हणणं धर. हायवेला खड्डे हायत, पाऊस लई हाय, पोरीला घेऊन एवढ्या लांब कशाला येतेस. पैसा तिच्या शिकण्याला ठेव. माझ्या हाताला कळा येतात, तेव्हा गौरीचं यंदा अंकिताच बघेल. तू आलीस तर तुझी आबाळ होईल, आणि ती मला बघवणार नाय.

लावणी आटपली. फणसाची साठं उन्हाळ्यात घातली ती हायत. कोणी तिकडं येणारं असलं तर प्रांजलसाठी पाठवीन.

रागावू नको.

दमयंती

---

पनवेल,
२२ जुलै २०२५

ती. आईंना नमस्कार.

पत्रातलं पावसाचं वाचलं, साठांचं वाचलं आणि मधली ती ओळ वाचली, की गौरीचं यंदा अंकिता बघेल. अंकिता माझी जाऊ आहे, माझा तिच्यावर राग नाही. पण मी स्पष्टच विचारते. मी विधवा झाले म्हणून का?

गेली दोन वर्षं तुम्ही मला गौरीजवळ बसू दिलंत. नैवेद्याच्या भाकऱ्या मी थापल्या. वाडीतल्या बायका कुजबुजल्या तेव्हा तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत, पण मला उठवलंही नाहीत. मी तेवढ्यावर समाधान मानलं. आता तेही नकोसं झालं असेल तर तसं सरळ लिहा. भाड्याचं नाव पुढे करू नका. भाडं महाग म्हणून सून आली नाही, असं वाडीत कोणाला सांगता येऊ नये, एवढी सोय मी करणार आहे.

वरच्या वाडीच्या शशिकलाकाकू आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांनीच मला सांगितलं. एका दिशेला जाणारी गाडीभर माणसं जमवली, तर एसटी सणाला अख्खी गाडी देते. आपण म्हणू तिथून निघते आणि थेट गावाच्या फाट्याला सोडते. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तेही नाही. आम्ही दोघी पनवेल डेपोत गेलो. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि आधी माणसं आणा म्हणाल्या.

तर आता आम्ही माणसं आणतोय. संध्याकाळी दुकान सुटलं की मी आणि काकू घरोघर जातो. चिपळूणचे, शृंगारतळीचे, गुहागरचे, एकेक घर सापडतंय. आम्हाला वाटायचं आपण इथे एकटेच. तर टपाल नाक्याच्या एका इमारतीत आपल्या तालुक्यातली चार बिऱ्हाडं निघाली. खारघरला एका मोठ्या सोसायटीत गेलो. त्या बाईंनी चहा दिला, विचारपूस केली, मग म्हणाल्या की आम्हाला एसीशिवाय जमत नाही. शशिकलाकाकू म्हणाल्या, जमत नाही तर खिडकीला बसा.

गाडी निघणार, आई. तुम्ही नको म्हणालात तरी मी तिच्यात असणार. फाट्यावर उतरल्यावर मी तुमच्या दारात यायचं की शशिकलाकाकूंच्या, एवढंच तुम्ही ठरवा.

रोशनी

---

कोंडशेत,
२ ऑगस्ट २०२५

चि. रोशनीस आशीर्वाद.

तू जे विचारलंस त्यानं मला दोन दिवस जेवण गेलं नाय. बाय माझे, विधवा तर मी पण हाय, तुझ्या आधीपासून. गौरीनं मला कधी हाकललं नाय, तर मी तुला कशाला हाकलीन?

मी तुझ्यापासून लपवलं ते दुसरंच. लाज वाटली म्हणून लपवलं.

शैलेशनं तुमची खोली पाहुण्यांना दिली हाय. माझ्या थोरल्यानं, धर्मानं, पगारातून पै पै बाजूला काढून पडवीला लागून बांधली, तीच. शिमगा झाल्यावर तिला रंग काढला, नवा पलंग आणला, गरम पाण्याचं यंत्र बसवलं. दारात पाटी लावली हाय. समुद्र जवळ, म्हणून लोकं येतात. मे महिन्यात सुट्टीभर खोली रिकामी नव्हती. म्हणून तुला तेव्हा भाड्याचं कारण सांगितलं.

मी तिथंच निजायची, ती माझी वळकटी पडवीत आली. पाहुण्यांना गावाकडचं बघायला आवडतं म्हणून मला जात्यावर बसवायचे. जात्यात दाणा नाय, नुसतं फिरवायचं आणि ते फोटो काढायचे. एक पोरगी बोलली, आज्जी, थोडं हसा ना. मी हसले. काय करू.

धर्माचा फोटो खोलीतून काढला. गेलेल्या माणसाचा फोटो पाहुण्यांना बरा वाटत नाय, असं शैलेशचं म्हणणं. तो मी माझ्या उशाला ठेवलाय.

गणपतीचे पाच दिवस पुण्याकडच्या एका कुटुंबानं खोली घेतली हाय. कोकणातला घरचा गणपती बघायचा हाय त्यांना. आता तू आलीस तर निजणार कुठं? सून सणाला घरी आली आणि पडवीत पावसाची झड अंगावर घेत निजली, हे मला बघवायचं नाय. म्हणून येऊ नको लिहिलं.

घर माझ्या नावावर हाय, ते मला कळतं. पण शैलेशच्या हातची भाकर खाते. दवापाणी तोच बघतो. तोंड उघडायचं तर कुठल्या तोंडानं?

शशिकलेच्या दारात उतरलीस तरी चालेल. मी तिथं येऊन तुला भेटून जाईन.

आई

---

पनवेल,
९ ऑगस्ट २०२५

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी दुकानात, मशीनवरच वाचलं. वाचता वाचता एक बाही उलटी शिवली. ती उसवत बसले.

शशिकलाकाकूंच्या दारात मी उतरणार नाही. तुमच्याच दारात उतरेन. खोलीत जागा नसेल तर पडवीत तुमच्याशेजारी निजेन, झड आली तर दोघींवर येईल. पण ह्यांचा फोटो पडवीत राहणार नाही. तो त्यांनी बांधलेल्या भिंतीवरच लागेल.

आणि शैलेशच्या हातची भाकर असं पुन्हा लिहू नका. भात कोणी लावला? गाईचं कोण करतं? भावोजी तुमचं औषधपाणी बघतात, हे मी नाकारत नाही. मी इथे लांब असते, दहा दिवसांची पाहुणी, रोजचं त्यांनाच पडतं. तेवढ्यासाठी मी त्यांचे पाय धरीन. पण तुम्हाला रिकाम्या जात्यावर बसवलं, त्याचा हिशोब औषधात बसत नाही.

आता गाडीचं सांगते. मागच्या आठवड्यात आमची गाडी जवळजवळ भरली होती. स्टँडसमोरचा तो टेबलवाला, विमानतळवाला, त्याच्या कानावर गेलं असावं. तो थेट दुकानात आला. फार अदबीने बोलला. ताई, कशाला वणवण करता? तुम्हाला आणि मुलीला जाऊन-येऊन फुकट नेतो, एसी गाडीत. फक्त ती यादी माझ्याकडे द्या, बाकीच्यांचं मी बघतो. खोटं कशाला सांगू, एक घटकाभर मला प्रांजल दिसली, गार गाडीत पाय लांब करून झोपलेली. मग त्या यादीतली एकेक म्हातारी दिसली. मी त्याला म्हटलं, "माझं तिकीट फुकट करताय, ते यादीतल्या माणसांच्या खिशातूनच ना? मग मी त्यांच्याबरोबर उभी राहूनच जाईन."

तो गेला, पण बाहेर बोलायला लागला. एसटी ऐनवेळी गाडी रद्द करते, गणपती रस्त्यात बसवायची वेळ येईल, असं काहीबाही. लोक घाबरले. चार दिवसांत बारा-पंधरा जणांनी नावं मागे घेतली. काकू रडकुंडीला आल्या. मी त्यांना म्हटलं, पनवेल संपलं असेल, उलवे कुठे संपलंय?

रविवारी उलव्याला गेलो. तिकडे जिकडे बघाल तिकडे इमारती उठतायत, धुळीने माणूस ओळखू येत नाही. पण तिसऱ्याच ठिकाणी फर्निचरचं काम करणारे सुतार भेटले, सगळे आपल्या चिपळूण-गुहागरचे. गणपतीला जायचं कसं, ह्या विचारात तेही होते. त्यांच्यातले दादू म्हणून आहेत, वयस्क. त्यांनी फक्त एकच विचारलं, गाडी नक्की ना? मी म्हटलं, गाडी आली नाही तर मी डेपोच्या दारात आडवी पडेन. ते म्हणाले, मग आमी आलोच समजा.

गाडी भरली. काल डेपोत जाऊन पैसे भरले, पावती माझ्या पर्समध्ये आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, सव्वीस तारखेला पहाटे, पनवेलहून निघणार.

भावोजींना मी फोनवर काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा. नसेल तर मी आले की कळेल.

रोशनी

---

कोंडशेत,
१६ ऑगस्ट २०२५

चि. रोशनीस आशीर्वाद.

काल झेंडावंदनाला घरची सगळी शाळेत गेली. मी पाय दुखतो सांगून मागं राहिले. मग माझी वळकटी, माझी पेटी आणि धर्माचा फोटो, एकेक करून तुमच्या खोलीत नेलं. खिळा जुन्या जागीच होता, नुसता रंग लावला होता त्याच्यावर.

शैलेश आला आणि बघून ओरडला. पाहुण्यांनी आगाऊ पैसे दिलेत, मी त्यांना काय तोंड दाखवू, असं. अंकिता रडली. मी कधी त्याच्यासमोर आवाज चढवला नव्हता, कालपण चढवला नाय. एवढंच बोलले, "मी हितनं उठणार नाय. पाहुण्यांना माझ्याबरोबर निजायचं असलं तर जागा हाय."

त्यानं रात्री माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे. त्याच्या बापानं पण टाकलं होतं एकदा, भात आपोआप नाय शिजला तेव्हा बोलायला लागला.

तू ये. दारात ये. आणि आणखी एक. गौर पाण्यावरनं आणायची ती यंदा तू आणायचीस. माझे गुडघे उतरणीला चालत नायत. कोणी काय बोललं तर माझ्याकडं पाठव.

आई

---

पनवेल,
७ सप्टेंबर २०२५

ती. आईंना नमस्कार.

सुखरूप पोचलो. प्रांजलने साठं दोन दिवसांत संपवली. आठ दिवस तुमच्याजवळ होते, पण घरात माणसांची एवढी ये-जा, की दोन गोष्टी तुम्हाला सांगायच्या राहूनच गेल्या. त्या तुम्ही नव्हतात तेव्हा घडल्या, म्हणून लिहिते.

पण आधी गाडीचं. पहाटे आम्ही सगळे पिशव्या घेऊन डेपोत उभे, आणि गाडीचा पत्ता नाही. टेबलवाला समोर चहा पीत उभा होता, आमच्याकडे बघत. मी पर्समधली पावती पुन्हा पुन्हा काढून बघत होते. दादू माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, नुसते उभे. मग आतून गाडी वळली, आणि तिच्यावर आपल्या फाट्याचं नाव. आई, मी लग्नात रडले नव्हते, तिथे रडले. वडखळला तासन्तास अडकलो. पण गाडीत कोणी कुरकुरलं नाही. सुतारांनी भजनं धरली, खारघरच्या त्या एसीवाल्या बाई शेवटी आल्याच होत्या, त्यांनी डब्यातले लाडू वाटले. फाट्यावर उतरलो तेव्हा दिवे लागले होते.

आता पहिली गोष्ट. चतुर्थीला तुम्ही आत गुरुजींपुढे बसला होतात, तेव्हा पुण्याच्या पाहुण्यांची मोटार अंगणात आली. नवरा-बायको, दोन मुलं आणि त्यांची म्हातारी आई. भावोजींनी त्यांना शेवटपर्यंत काही कळवलंच नव्हतं. आपण ऐनवेळी मागे हटू असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मला तुळशीजवळ गाठलं आणि हळू आवाजात म्हणाले, वहिनी, पाच दिवसांचा प्रश्न आहे, खोली द्या, येतील त्यातले अर्धे तुम्हाला देतो. मी नाही म्हटलं. मग त्यांचा आवाज चढला. ते म्हणाले, "वर्षभर आईचं मी करतो. तुम्ही दहा दिवस यायचं आणि खोलीवर हक्क सांगायचा?"

ते खरं होतं, म्हणून मला झोंबलं. मी म्हटलं, "तुम्ही करता, ते मी कधी विसरणार नाही. उरलेलं वर्ष खोली भाड्याने द्या, मी एक शब्द बोलणार नाही. पण सणाला ती भाड्याची नाही. सणाला ती तुमच्या भावाची आहे."

पाहुण्यांच्या त्या बाईंनी हे सगळं ऐकलं. मोटारीतून सामान काढत होत्या, त्या थांबल्या. नवऱ्याला म्हणाल्या, दुसऱ्याचा माणूस बाहेर काढून मला गणपती बघायचा नाही. भावोजींचा चेहरा असा झाला, की मलाच वाईट वाटलं. पाहुण्यांचा काय दोष? एवढ्या लांबून आलेले, मुलं कंटाळलेली. मी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि प्रांजलला वरच्या वाडीत पाठवलं. शशिकलाकाकूंची माडी रिकामी होती. त्या म्हणाल्या, या की, गाडीभर माणसं आणली, अजून पाच काय जड आहेत. दुपारी ती मंडळी आपल्याकडेच जेवली. ती म्हातारी तुमच्याशेजारी पानावर बसली होती आणि तुम्ही तिला वालाचं बिरडं दुसऱ्यांदा वाढलंत, तीच ती. तुम्हाला वाटलं काकूंकडचे कोणी नातेवाईक असतील.

दुसरी गोष्ट गौरीची. आम्ही बायका गौरीचा तेरडा सुपात घेऊन ओहोळावर गेलो. गौरीची पूजा झाली, आणि उचलायची वेळ आली तेव्हा सगळ्या थांबल्या. कोणी मला नाही म्हणालं नाही. पण एकीने सूप अंकिताकडे सरकवलं. अंकिताने माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. तिने हात मागे घेतला, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. मी पुढे झाले, पण माझेही हात उचलेनात. तुम्ही सांगितलेलं सगळं आठवत होतं, आणि तरी उचलेनात.

तेव्हा वाडीतल्या सगळ्यांत थोरल्या ठमाबाई खडकावर बसल्या होत्या, त्या बोलल्या. "उचल," म्हणाल्या. "गौरीला काय उचलणारीचा नवरा बघून यायचं असतं?"

मी उचलली. घरी येईपर्यंत मागे कोणी बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही. दारात तुम्ही माझ्या पायांवर पाणी घातलंत, तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर गौर हातातून पडली असती.

निघताना भावोजी फाट्यावर पोचवायला आले नाहीत. त्यांची मला आता काळजी वाटते. घरी काय चाललंय ते लिहा, आणि सगळं लिहा. बरं आहे, बरं आहे एवढंच नको.

तुमची,
रोशनी

---

कोंडशेत,
५ ऑक्टोबर २०२५

चि. रोशनीस आशीर्वाद.

सगळं लिहिते.

तू गेलीस त्यानंतर शैलेश आठवडाभर घुम्यासारखा होता. जेवायला बसायचा, ताट संपवून उठायचा. मी माझं करत राहिले. खोली सोडली नाय. मग एक दिवस स्वतःच येऊन उंबऱ्यावर बसला. बोलला, आई, मला वाटलं तू माझ्या बाजूनं हायस. मी बोलले, बाबा, मी तुझ्या बाजूनंच हाय, पण धर्मा मेला म्हणून त्याची बाजू मोकळी नाय झाली. तो रडला. भाऊ गेल्यापासून तो रडला नव्हता, तेव्हा रडला. मीच त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला.

तू अंगणात बोललीस ते त्यानंच मला सांगितलं, तुझं पत्र यायच्या आधी. आता ठरलं ते असं. गणपती, शिमगा आणि मेची सुट्टी, खोली तुमची. बाकीच्या दिवसांत पाहुणे येतील. भाडं येईल ते माझ्या हातात येणार आणि त्याचं काय करायचं ते मी ठरवणार. हे ऐकून त्याचं तोंड वाकडं झालं, पण हो बोलला. फोटो भिंतीवरच राहील. ज्या पाहुण्याला चालत नाय त्यानं दुसरीकडं जावं, समुद्र सगळीकडनं दिसतो.

जातं मी माळ्यावर टाकायला लावलं. तो बोलला, लोकं विचारतील. मी बोलले, सांग, आज्जीचे हात दुखतात. ते खरंच दुखतात.

सगळं गोड झालं असं नाय. अंकिता अजून माझ्याशी तुटक वागते. तुझ्यावर तिचा राग नाय, माझ्यावर हाय, कारण मी तिलाच न विचारता खोलीत जाऊन बसले. तिचंही बरोबर हाय. वाडीत दोन घरं मला हळदीकुंकवाला बोलवायची नायत असं कानावर आलं. तशी पण मला कुठं बोलवत होती.

आता मुद्द्याचं. दिवाळीला मी पनवेलला येते.

तू मागं लिहिलं होतंस, पंचाहत्तरीच्या पुढं एसटीला तिकीट नाय. माझी पंचाहत्तरी कधीच उलटली. एवढी वर्षं हे मला कोणी सांगितलं नाय, आणि मी विचारलं पण नाय. शैलेश बोलला, आई, दिवाळीची गर्दी, तू एकटी, कुठं पडलीस तर? मी बोलले, पडले तर उठवतील कोणीतरी. तर तो बोलला, मी मोटारीनं सोडतो, भाड्याचं बघू. मी नको बोलले. आजवर मला कोणी ना कोणी नेलं. लग्नात बापानं आणलं, चिपळूणच्या दवाखान्यात शैलेशनं नेलं, पनवेलला शेवटची आले ती धर्माला बघायला, तेव्हा कोणी मला गाडीत घातलं आणि कोणी काढलं ते पण कळलं नाय. त्या गावाचं मी कायच बघितलं नाय. आता बघायचं हाय. तू शिवतेस ती गल्ली बघायची हाय, प्रांजलची शाळा बघायची हाय.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळच्या मुंबई गाडीत बसेन. कंडक्टरला आधार कार्ड दाखवेन. वाटेत चिपळूणला उतरून चहा पण घेईन, माझ्या पैशानं.

मला घ्यायला डेपोत येऊ नको. तुझा कामाचा दिवस असेल, सणाचे ब्लाउज अडकून राहतील. लाईन आळी मी विचारत विचारत येईन. देवानं तोंड दिलंय, एवढी वर्षं ते गप्प बसण्यात गेलं, आता जरा रस्ता विचारू दे त्याला.

तुझी सासू,
दमयंती